दुसरा हात

दवाखान्यात किस्से आपोआप साचतात. कपाटावर औषधांची सॅम्पल्स साचतात तसेच. कोणी आणून ठेवली ते आठवत नाही आणि टाकून द्यायला जीव होत नाही. आमच्या मजल्यावरचे बहुतेक किस्से पळसुले सरांचे आहेत. यंदा दिवाळीच्या सुमारास सरांचा उजवा डोळा गेला, आणि डावा राहतो की तोही जातो या काळजीत आम्ही काही आठवडे काढले. त्या दिवसांत रोज संध्याकाळी सरांजवळ बसून आम्ही हेच किस्से त्यांना ऐकवत होतो. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, वाचायला बंदी केली होती. गप्पा थांबल्या की सर छताकडे बघत बसत, एकदा हा डोळा मिटून, एकदा तो. ते मला बघवत नसे. म्हणून किस्से.

आधी माणसं सांगते, फार नाहीत. जबलपूरला गोरखपूर नावाच्या भागात, बाजाराच्या तोंडावर आमची बिल्डिंग आहे. खाली साड्यांचं दुकान, वर आम्ही तिघं डॉक्टर. वानखेडे डोळ्यांचा, मूळ अमरावतीकडचा, हळू बोलणं त्याला जमत नाही. तिवारी किडनीचा. तो बोलतो हिंदीत, पण आमच्यात बसून बसून त्याला सगळी मराठी समजते, आणि आपल्याबद्दल बोलणं चाललं असेल तेव्हा तो समजत नसल्याचं दाखवतो. तिसरी मी, मुग्धा. मी सांधे आणि रक्तवाहिन्या बघते. पळसुले सरांनी आम्हा तिघांनाही शिकवलं. रिटायर झाल्यावर दर गुरुवारी ते आमच्याकडे येऊन बसू लागले.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीला सूज येते त्या आजारांना आम्ही व्हॅस्क्युलायटिस म्हणतो. शरीराची स्वतःचीच फौज स्वतःच्या नळ्यांवर उलटते. आता रक्तवाहिनी कुठे नाही? डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सगळीकडे आहे. मग हा आजार एकाला नाकात, दुसऱ्याला हातात, तिसऱ्याला डोळ्यात का गाठतो, हा आमच्या गुरुवारचा कायमचा विषय. सरांच्या बाबतीत तोच विषय घरात येऊन बसला.

*

सरांशी माझी पहिली गाठ मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात पडली. कॉटवर एक कॉलेजातली मुलगी होती. तक्रार एवढीच की वेणी घालताना डावा हात भरून येतो, मध्येच खाली ठेवावा लागतो. मी मोठ्या रुबाबात तिची उजवी नाडी धरली, घड्याळ बघितलं आणि जाहीर केलं, "नाडी नॉर्मल आहे, सर."

सर चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, "दुसरा हात कुठे आहे?"

मला वाटलं, माझा विचारताहेत. मी माझा दुसरा हात पुढे केला. सगळी बॅच हसली.

सरांनी त्या मुलीची दोन्ही मनगटं आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि डोळे मिटले. मग मला तसंच धरायला लावलं. उजवीकडे नाडी ठणठणीत लागत होती. डावीकडे काहीच नव्हतं. जिवंत, बोलत्या मुलीच्या हातात नाडी नाही, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

हा मोठ्या धमन्यांचा आजार. हृदयातून निघणारी मुख्य धमनी आणि तिच्या पहिल्या फांद्या, तिथेच तो बसतो. बहुतेक करून तरुण मुलींना होतो. भिंत सुजते, आतली वाट अरुंद होते आणि हाताला पुरेसं रक्त पोचत नाही. सरांनी हे सगळं तिच्या आईला सोप्या हिंदीत समजावलं. आईनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नहीं डॉक्टर साहब, वो हाथ तो इसका शुरू से कामचोर है."

ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे आणि माझ्याकडे येते. औषधं चालू आहेत. डावी नाडी आजही बारीकच लागते, पण वेणी एका दमात होते. आई मात्र अजून त्या हाताला कामचोरच म्हणते.

*

तेव्हापासून आमच्या बॅचमधला कोणीही एकाच हाताची नाडी बघत नाही. पण गावाकडच्या पेशंटला हे नवीन असतं. डॉक्टरनं दोन्ही हात धरून डोळे मिटले की त्यांना काही वेगळंच वाटतं. एकदा एका म्हाताऱ्या बाईनं सरांबरोबर स्वतःही डोळे मिटले. शेवटी तिनं एक डोळा किलकिला करून हळूच विचारलं की देवी काय म्हणतेय.

"बीड़ी छोड़ने को बोल रही हैं," सर डोळे न उघडता म्हणाले.

तिनं सोडली. मी किती वर्षं पेशंटना तंबाखू सोडा म्हणून सांगतेय, पण माझं तेवढं वजन नाही.

*

गुरुवारची बैठक सुरू झाली ती मोघे मास्तरांमुळे. मास्तर दीक्षितपुऱ्यातले, शाळेतून रिटायर झालेले. एके दिवशी ते ओमती बाजारातल्या साडीच्या दुकानांच्या तीन पिशव्या घेऊन वर आले. लाल पिशवी नाकाची, हिरवी छातीची, पिवळी किडनीची. नाकातून रक्त आणि खपल्या येत होत्या म्हणून ते नाकाच्या डॉक्टरकडे जात होते. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून छातीच्या डॉक्टरकडे. आणि आता पाय सुजले, लघवी फेसाळली म्हणून तिवारीकडे. प्रत्येक डॉक्टरकडे ते त्याचीच पिशवी नेत. दुसऱ्याची पिशवी दाखवली तर डॉक्टरला राग येईल असं त्यांना वाटायचं. खोटं कशाला बोला, कधी कधी येतोही.

सर त्या दिवशी सहज आले होते. त्यांनी तिन्ही पिशव्या टेबलावर उलट्या केल्या, सगळे कागद एकत्र सरकवले आणि म्हणाले, "पिशव्या तीन आहेत, माणूस एकच आहे." त्या दिवसापासून ठरलं की दर गुरुवारी ओपीडी संपल्यावर तिघांनी एकत्र बसायचं आणि ज्याचं दुखणं एका डॉक्टरच्या हद्दीत मावत नाही तो पेशंट मध्ये ठेवायचा. जागा वानखेडेची, कारण त्याची खोली लांबलचक आहे. चहा माझ्याकडून. फुटाणे सरांकडून. खोव्याची जिलेबी तिवारी आणतो आणि बरीचशी तोच खातो.

मास्तरांचा आजार बारीक रक्तवाहिन्यांचा निघाला. सरांनी त्यांना समजावलं की काही आजार फक्त मोठ्या रस्त्यावर फिरतात, काही गोरखपूरच्या बाजारातल्या रस्त्यांएवढ्या मधल्या नळ्यांत, आणि काही फक्त दीक्षितपुऱ्यासारख्या गल्लीबोळांत. तुमचा हा गल्लीबोळातला.

मास्तरांना हे लागलं. "म्हणजे मी दीक्षितपुऱ्यात राहतो म्हणून झालं काय हे?"

सरांनी माफी मागितली. मास्तर घरी गेले, पण प्रश्न बरोबर घेऊन गेले. पुढच्या खेपेला औषधानं जरा तरतरी आली होती. खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "बारीक नळ्या तर साऱ्या अंगात आहेत. मग माझं नाक, छाती अन् किडनीच काहून?"

सर इतके खूश झाले की त्यांनी फुटाण्यांची बशी मास्तरांकडे सरकवली. मग म्हणाले, किडनीत रक्त गाळायचं काम चालतं, तिथे ते जोरानं येतं आणि नळ्या केसाहून बारीक, त्यामुळे मार पटकन बसतो. नाकात आणि छातीत बाहेरची हवा येते, धूळ येते, तिथे शरीराची फौज आधीच सावध उभी असते, बिथरली तर तिथेच आधी बिथरते. शिवाय प्रत्येक अवयवातल्या नळीची भिंत थोडी वेगळी असते. "हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं अजून कोणाजवळच नाही."

मास्तरांनी थोडा विचार केला. "ठीक आहे," ते म्हणाले. "पास करतो."

*

एका व्यापाऱ्याच्या घरची मुलगी आली होती, सात-आठ वर्षांची. सर्दी होऊन गेली आणि नंतर दोन्ही पायांवर जांभळे-लाल ठिपके उठले. घरच्यांनी डास म्हणून सगळ्या घरात धूर केला, मच्छरदाण्या आणल्या, शेजाऱ्यांची नाली साफ करवून घेतली. ठिपके वाढतच होते.

सरांनी विचारलं की डास फक्त गुडघ्याखालीच का चावतात. आजी लगेच म्हणाल्या, "आमच्याकडचे डास बुटके आहेत."

हा पोरांमध्ये दिसणारा बारीक नळ्यांचा प्रकार. उभं राहिलं, खेळलं की रक्ताचा दाब पायांकडे साचतो आणि सुजलेल्या नळ्या तिथेच पाझरतात, म्हणून ठिपके पायांवर. सरांनी पोरीला दोन दिवस झोपवून ठेवलं आणि आजींना म्हणाले, आता नवे ठिपके आले तर कुठे येतात ते बघा. ते आले कमरेखाली, मागच्या बाजूला, जिथे ती टेकून पडली होती. आजींनी डासांना लगेच निर्दोष सोडलं.

असे ठिपके आपले आपण जातात. काळजी असते ती किडनीची, म्हणून पुढचे काही महिने लघवी तपासत राहायची. तेवढ्यासाठी ती पोर तिवारीकडे येत राहिली. तिला त्याचं नाव काही पाठ होईना. एकदा भर बाजारात, तिवारी बायकोबरोबर भाजी घेत असताना, ती रस्त्याच्या पलीकडून ओरडली, "सूसू वाले अंकल, नमस्ते!" तिवारीनं हात जोडले. दुसरं करणार तरी काय?

*

वानखेडेच्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण पुढे तिचं काम आहे. एका टोकाला चहाचं टेबल आणि सरांची वेताची खुर्ची. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मागून दिवा लागणारा. तक्त्याच्या बाजूलाच दार. म्हणजे इतकी वर्षं दर गुरुवारी आम्ही चहा पितो तो त्या तक्त्याकडे तोंड करून. आम्हाला तो वरपासून खालपर्यंत पाठ आहे. तिवारीला उलटाही येतो.

मागे एक ट्रक ड्रायव्हर लायसन्ससाठी डोळ्याचं सर्टिफिकेट घ्यायला आला. वानखेडेनं त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि वाच म्हणाला. गड्यानं घडाघडा वाचलं, अगदी खालची ओळसुद्धा. एकही चूक नाही.

"लय भारी," वानखेडे म्हणाला. "आता बत्ती लावतो, मंग वाच."

तो दिवा लावायलाच विसरला होता. ड्रायव्हर बाहेरच्या बाकावर बसून उघड्या दारातून ऐकत होता. आधीच्या पेशंटांनी त्याला सगळं पाठ करून दिलं होतं. हा किस्सा सरांचा लाडका. आम्ही सांगायला लागलो की ते शेवटचं वाक्य वानखेडेच्या आवाजात स्वतः म्हणायचे.

*

आता सरांचं.

कानशिलाच्या धमनीला सूज येण्याचा एक आजार आहे. म्हातारपणी होतो, डोकं दुखतं, आणि डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर नजर जाते. सर शिकवायचे की हा थंड देशातल्या गोऱ्या म्हाताऱ्यांचा आजार, आपल्याकडे फार क्वचित, परीक्षेपुरता वाचा. आम्ही परीक्षेपुरता वाचला.

या पावसाळ्यात सरांचं डोकं दुखू लागलं. तिवारीनं बीपी बघितलं, थोडं जास्त होतं, गोळी वाढवली. वानखेडेनं चष्म्याचा नंबर बदलला. मी मान बघितली आणि उशी बदलायला सांगितलं. जबडा दुखतो म्हणून सर दातांच्या डॉक्टरकडे गेले, त्यानं दाढ काढली. सरांनी स्वतःच स्वतःला चार पिशव्यांत घातलं आणि आम्ही चौघांनी आपापली पिशवी बघितली. गुरुवारचं टेबल ज्यासाठी मांडलं होतं, ते त्याच टेबलावर बसलेल्या माणसाच्या बाबतीत आम्हाला सुचलं नाही. कारण साधं आहे. सर पेशंट आहेत असं आमच्या मनातच आलं नाही.

एका गुरुवारी सरांनी चार फुटाणे खाल्ले, बशी बाजूला ठेवली आणि जिलेबी घेतली. मग दर गुरुवारी जिलेबीच. "सरजी, बुढ़ापे में मीठा," म्हणून तिवारीनं चिडवलं. सर हसले. चावलं की जबडा भरून यायचा, थांबलं की बरं वाटायचं. त्या मुलीचा वेणी घालताना हात भरून यायचा तसंच. पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

मग एका सकाळी काकूंनी बघितलं की सर चहा कपाच्या बाजूला, बशीत ओतताहेत. काकूंनी काही विचारायच्या आत सरांनी वानखेडेला फोन लावला. वानखेडेला तो फोन शब्दन् शब्द पाठ आहे. "उजव्या डोळ्यापुढे पडदा आला आहे. डोकं दुखतंय, जबडा चावताना भरून येतो, केस विंचरताना कानशील दुखतं. वय तुला माहीत आहे. आता तू निदान सांग, मी ऐकतो."

वानखेडेसारखा माणूस त्या दिवशी हळू आवाजात बोलला.

*

औषध लगेच, शिरेतून सुरू केलं. कानशिलाच्या धमनीचा तुकडा तपासायला पाठवला, पण त्याची वाट बघितली नाही. उजवा डोळा परत येणार नव्हता, हे आम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि सरांनाही. या आजारात एक डोळा गेला की दुसऱ्याला धोका असतो. सगळा जीव आता डाव्या डोळ्यात होता.

मोठ्या डोसच्या स्टेरॉइडनं माणसाला झोप येत नाही, भूक लागते आणि बोलावंसं वाटतं. सरांना तिन्ही झालं. हॉस्पिटलमध्ये त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सची दोन्ही मनगटं धरून नाडी बघितली. शेजारच्या कॉटवरच्या माणसाला ते ज्योतिषी वाटले. त्यानं आपल्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. सरांनी त्याला पंधरा मिनिटं धमन्या समजावल्या. तो समाधानानं म्हणाला, "मतलब अभी योग नहीं है."

एका संध्याकाळी काकूंनी मला बाजूला न नेता, सरांच्या देखतच विचारलं, "सारं अंग सोडून डोळ्यातच काहून गेलं हे? साखर नाही, बीडी नाही, कोणाचं वाईट केलं नाही ह्यांनी."

मी काही बोलायच्या आत सरांनीच उत्तर दिलं. प्रत्येक धमनीच्या भिंतीत पहारेकरी पेशी असतात, पण सगळे पहारेकरी सारखे नसतात. गळ्याकडचा एका गोष्टीला बिचकतो, पोटाकडचा दुसऱ्याच. कानशील आणि डोळ्याकडच्या धमन्यांच्या भिंतीत लवचीक थर भरपूर असतो, आजार तिथे रमतो. कवटीच्या आत शिरणाऱ्या धमन्यांत तो थर विरळ होतो आणि आजार बहुधा दारातच थांबतो. म्हणून डोकं शाबूत आहे. "आता या पहाऱ्यावरचा माणूस याच वयात, माझ्याच घरी का बिथरला, ते माहीत नाही."

"इतकी वर्षं शिकवलं, अन् माहीत नाही?"

"इतकी वर्षं हेच शिकवलं," सर म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी सरांच्या डाव्या बाजूची खुर्ची ओढली आणि तिथे बसल्या. सर घरी आल्यावरही त्या डाव्या बाजूलाच बसत. मला वाटतं, त्यांना दिसत राहायचं होतं.

*

महिना बरा गेला. तपासणीत सूज उतरली होती, डोकं दुखायचं थांबलं होतं, सर पुन्हा फुटाणे खाऊ लागले होते. आम्ही डोस हळूहळू उतरवत होतो. डोस उतरवताना हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, हे आम्ही तिघंही जाणून होतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

एका गुरुवारी दुपारी काकूंचा मला फोन आला. सकाळी सरांनी पाण्याचा पेला टेबलाच्या कडेबाहेर ठेवला, तो पडला. आणि अंगणातली पायरी चुकली. सर म्हणतात, काही नाही, एका डोळ्याला अंतर समजत नाही, सवय व्हायची आहे. "अन् मला वाटून राहिलं की हे मला फसवून राहिले."

दोन्ही खरं असू शकत होतं. एका डोळ्यानं अंतर खरंच समजत नाही. आणि सर काकूंना फसवू शकत होते, तेही खरं.

मी त्या दोघांना घेऊन वर आले. सरांनी आम्हाला न विचारता आपली वेताची खुर्ची गाठली. पंजा खुर्चीच्या पाठीवर नेमका पडला, पण ती खुर्ची इतकी वर्षं त्याच जागी आहे. वानखेडेनं खोलीचा दिवा मालवला, तक्त्याचा लावला आणि सवयीनं सरांचा उजवा डोळा तळव्यानं झाकला, गेलेला डोळा. तिवारी टेबलाला टेकून उभा होता. काकू आणि मी समोर, तक्त्याच्या बाजूला, दारात.

"वाचा, सर," वानखेडे म्हणाला.

सरांनी वाचलं. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या ओळीपर्यंत, न अडखळता, एकही चूक न करता.

वानखेडेनं तळवा काढला. तिवारी जमिनीकडे बघत होता. मला माहीत होतं की आम्ही तिघंही तेव्हा त्या ट्रक ड्रायव्हरचा विचार करत होतो. सरांनासुद्धा हे माहीत होतं, कारण तो किस्सा त्यांचाच लाडका.

"दुसरा तक्ता आणतो," वानखेडे पुटपुटला आणि कपाटाचे खण उघडू लागला. कुठल्या तरी खणात निरक्षर पेशंटसाठीचं कार्ड होतं, ते सापडत नव्हतं. तक्त्याच्या उजेडात आम्ही दोघी उभ्या होतो. काकूंनी सरांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडातून आवाजही काढला नव्हता. फक्त पदराआड माझा हात धरला होता, इतका घट्ट की माझी बोटं बधिर झाली होती. गुरुवार म्हणून सरांचा फुटाण्यांचा स्टीलचा डबा मी बरोबर आणला होता, तो तसाच धरून उभी होते.

वानखेडेनं तिसरा खण उघडला.

"मुग्धा," सर खुर्चीतून म्हणाले. "डबा उजव्या हातात धरलायस. दुसरा हात कुठे आहे?"

काकूंनी माझा हात सोडला.